उद्याचा भाव आणि आजची टाकी

खनिज तेलाचा भाव उद्या चढेल की उतरेल, हे संगणकाच्या साह्याने सांगू म्हणणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट झाला आहे. माझा एक जुना विद्यार्थी अशीच एक प्रणाली विकत घेऊन निवृत्तीची पुंजी तेलाच्या वायद्यात घालण्याच्या बेतात होता. तत्पूर्वी सरांना विचारावे, एवढे भान त्याला राहिले, हे त्याचे भाग्य.

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राने १९६५ सालीच दिले आहे. पॉल सॅम्युएलसन यांनी काही गृहीतकांच्या आधारे असे सिद्ध केले की, जे सर्वांना ठाऊक आहे ते भावात आधीच उतरलेले असते. उद्याचा बदल आज अज्ञात असलेल्या गोष्टींवरच अवलंबून राहतो. अमेरिकेतील तेलसाठ्याचे सरकारी आकडे बहुधा बुधवारी प्रसिद्ध होतात. कधी साठा घटल्याचे कळूनही भाव पडतो, कारण व्यापाऱ्यांनी त्याहून मोठी घट धरून चाललेली असते. बाजार किती खवळेल याचा थोडाफार अदमास बांधता येतो. कोणत्या दिशेने, याचा नाही.

मात्र यावरून बाजारात सारेच सारखे आंधळे असतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात १७ एप्रिल २०२० रोजी मे महिन्याच्या सौद्याचा भाव पिंपामागे १८.२७ डॉलर होता. सोमवारी, २० तारखेला, तो उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. विकणाराच घेणाऱ्याला पैसे मोजू लागला! त्या सौद्याचे तेल ओक्लाहोमातील कुशिंग येथे प्रत्यक्ष ताब्यात घ्यावे लागते. मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. आणि महामारीने मागणी कोसळल्यामुळे तेथील टाक्यांतील उरलीसुरली जागाही आधीच अडवली गेली होती. ज्याच्यापाशी टाकी होती, त्याला भाकिताची गरजच नव्हती.

मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजमध्ये तेल हाती येतच नाही; न्यूयॉर्कच्या भावाने रोख हिशेब होतो. टाळेबंदीमुळे येथील व्यवहार सायंकाळी पाचला थांबले आणि तिकडचा कडेलोट झाला तो रात्री. अखेरचा हिशेब पिंपामागे उणे २,८८४ रुपयांनी केला गेला. शंभर पिंपांचा एक सौदा हजार रुपये भावाने करून बसलेल्याचे लाख रुपये तर बुडालेच, वर २,८८,४०० रुपयांचे देणे अंगावर आले. भाव शून्याखाली जात नाही, या समजुतीवर तो विसंबला होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

त्याच एप्रिल-मे महिन्यांत भारत सरकारने विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथील भूमिगत साठवणगृहे स्वस्त तेलाने भरून घेतली. त्यांची एकूण क्षमता ५३.३ लाख टन. हे भाव ओळखल्यामुळे साधले नाही, सार्वजनिक मालकीची जागा होती म्हणून साधले. (ग्राहकाच्या वाट्याला मात्र त्या मे महिन्यात पेट्रोलवर लिटरमागे दहा व डिझेलवर तेरा रुपयांची करवाढ आली, तो निराळा लेखाचा विषय आहे.)

चंडीखोल व पादूर येथील पुढील साठवणगृहांना जुलै २०२१ मध्ये मान्यता मिळाली, ती खाजगी भागीदारीच्या तत्त्वावर. टंचाईच्या दिवशी त्या टाक्यांचा नळ कोणाच्या हुकुमाने उघडणार आणि नफा कोण घेणार, याच्या अटी आपल्या प्रतिनिधींनी संसदेत कलमागणिक विचारून घेतल्या पाहिजेत.