जाळी बागेवर नको, फळावर

पोपट पेरू फोडतात म्हणून होस्टेलमागच्या अख्ख्या बागेवर नायलॉनची जाळी टाकायची टूम निघाली आहे. माझा विरोध आहे. खालच्या लाल भोपळ्याचं काय? त्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. मधमाशीने पराग आणला नाही तर तो पिवळा पडून गळतो. बारीक भोकांची जाळी लावली तर मधमाशीच अडणार. मग रोज पहाटे नर फूल खुडून मादी फुलावर आपणच घासायचं? (उठणार कोण?) मोठ्या भोकांची लावली तर बुलबुल अडकून तडफडणार, आणि सुट्टीत सोडवायला कोणी नसतं. त्यापेक्षा पेरू लिंबाएवढा झाला की त्याला कापडी पिशवी बांधा. शेंड्याचे राहू द्यात पोपटांना, तिथवर आपला हात पोचतो कुठे?