युनियनची पावती फाडावी की नाही?

ठाकुर्ली : डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून ठाकुर्लीकडे परतणाऱ्या कंत्राटी कामगारापुढे युनियनचे सभासदत्व हा तत्त्वापेक्षा चुलीचा प्रश्न अधिक आहे. १९८२ च्या गिरणी संपात मान्यता एका संघटनेला होती आणि कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. ती कोंडी जुनी पिढी विसरलेली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने गणित बदलले. एकाहून अधिक संघटना असल्यास वाटाघाटीचा एकहाती अधिकार मिळवण्यासाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के पुरत होते. खरी मेख हजेरीपटात आहे. कंत्राटी कामगाराचे नाव सहसा ठेकेदाराच्या पटावर असते. तेव्हा ज्या कारखान्यात तो राबतो, तेथील टक्केवारीत त्याची गणती होणे कठीण. वर्गणी मात्र त्यालाही भरावी लागते.

सभासद झाल्याबद्दल कामावरून काढण्याची धमकी देणे ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरते. पण ठेकेदाराला धमकी देण्याची गरजच काय? कंत्राटाची मुदत संपते आणि नव्या यादीत ते नाव नसते.