विश्लेषण : चुंबकांची टंचाई, लखनौची ई-रिक्षा आणि दहावीचे पुस्तक

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकाबाहेर उभी असलेली ई-रिक्षा आणि आतील फलाटावर उभे असलेले विद्युत इंजिन ही दोन्ही वाहने एकाच नियमावर चालतात. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून विद्युतधारा वाहू लागली की तारेवर बल कार्य करते, हा तो नियम. मात्र हे चुंबकीय क्षेत्र आणायचे कोठून, या प्रश्नाचे रिक्षेचे उत्तर वेगळे आहे आणि इंजिनाचे वेगळे. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि एरवी अभियंत्यांपुरता राहिलेला हा फरक देशाच्या औद्योगिक धोरणाचा विषय झाला.

ई-रिक्षा आणि विद्युत स्कूटर यांत सामान्यतः ब्रशविरहित मोटर असते. तिच्या फिरत्या भागावर कायमचुंबक बसवलेले असतात आणि तारेची वेटोळी स्थिर भागावर असतात. जुन्या मोटरीत धारेची दिशा बदलण्याचे काम दिक्परिवर्तक करीत असे, ते आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. हे कायमचुंबक फेराइटचे असू शकते किंवा निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या मिश्रधातूचे. फेराइट स्वस्त असते, पण त्याचे क्षेत्र सुमारे ०.४ टेस्लाचे. निओडिमियमचे चुंबक १.२ ते १.४ टेस्लापर्यंत जाते.

या आकड्यांचा अर्थ शालेय सूत्रातूनच कळतो. तारेवरील बल हे क्षेत्र, विद्युतधारा आणि तारेची लांबी यांच्या गुणाकाराएवढे असते. क्षेत्र एक तृतीयांश झाले, तर तेवढ्याच बलासाठी धारा तिप्पट हवी किंवा तार तिप्पट हवी. धारा तिप्पट केली तर त्याच तारेत उष्णता नऊपट होते, तार वाढवली तर मोटर जड होते. स्कूटरसारख्या वाहनात यांपैकी काहीच परवडत नाही. म्हणूनच जेथे मोटर लहान आणि जोरकस हवी, तेथे उत्पादकांचा कल निओडिमियमकडे राहिला. मोटर तापल्यावरही चुंबकत्व टिकावे यासाठी त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम अल्प प्रमाणात मिसळतात. ही दोन्ही मूलद्रव्ये चीनच्या यादीत आहेत आणि जगातील अशा चुंबकांपैकी सुमारे नव्वद टक्के चुंबके चीनमध्येच तयार होतात.

त्याचा फटका महाराष्ट्रालाही बसला. पुण्याच्या बजाज ऑटोला जुलै २०२५ मध्ये विद्युत चेतकच्या उत्पादनात कपात करावी लागली. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस काही भारतीय कंपन्यांना चीनचे परवाने मिळाले. तथापि, परवाना देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारा पुरवठा ही कोणत्याही उद्योगाच्या दृष्टीने समाधानाची स्थिती नव्हे.

रेल्वेला मात्र ही चिंता तुलनेने कमी आहे, आणि याचा संबंध लखनौशी आहे. रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्था, म्हणजेच आरडीएसओ, १९५७ पासून येथील मानकनगर भागात कार्यरत आहे. देशातील इंजिने, डबे आणि रूळ यांची तांत्रिक मानके तेथे ठरतात. १९९० च्या दशकात भारतीय रेल्वेने एबीबी कंपनीकडून तीन कलांच्या प्रत्यावर्ती धारेवर चालणाऱ्या इंजिनांचे तंत्रज्ञान घेतले. त्याच परंपरेतील डब्ल्यूएपी-७ या इंजिनात प्रत्येकी ८५० किलोवॅटच्या सहा प्रवर्तन मोटरी असतात. त्यांत कायमचुंबक नसते.

चुंबकाशिवाय मोटर फिरते, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु विद्युतधारा स्वतःच चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, हे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी कोपनहेगन येथे १८२० मध्येच दाखवले होते. प्रवर्तन मोटरीच्या स्थिर भागातील वेटोळ्यांना तीन कलांची धारा दिली की त्यांचे एकत्रित क्षेत्र गोल फिरू लागते. आतील भाग म्हणजे धातूच्या दांड्यांचा एक पिंजरा. फिरत्या क्षेत्रामुळे त्या दांड्यांत धारा प्रवर्तित होते आणि धारा असलेली दांडी क्षेत्रात आहे म्हटल्यावर तिच्यावर बल येतेच. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले प्रवर्तन आणि मोटरीचा नियम असे येथे एकत्र येतात. याची किंमत अर्थातच आहे. पिंजऱ्यातील धारेमुळे काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि तेवढ्याच जोरासाठी मोटर आकाराने मोठी लागते. शंभर टनांहून अधिक वजनाच्या इंजिनाला त्याचे काही वाटत नाही, बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीला वाटते.

भारतासमोर त्यामुळे दोन मार्ग आहेत. पहिला, चुंबके देशात तयार करण्याचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन दुर्मिळ मृदा चुंबकांची क्षमता उभारण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. विशाखापट्टणम येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर उभारलेला चुंबकांचा प्रकल्प २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, पण त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो आहे आणि तेथील चुंबके समेरियम-कोबाल्टची आहेत. किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट मुबलक असले, तरी त्यात डिस्प्रोसियमसारखी जड मूलद्रव्ये फारशी नाहीत. दुसरा मार्ग, चुंबकाची गरजच कमी करण्याचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओला इलेक्ट्रिकच्या फेराइट मोटरीला सरकारी चाचणी केंद्राचे प्रमाणपत्र मिळाले, ते या दिशेचे पाऊल आहे. पहिल्या मार्गाला पैसा लागतो आणि खनिज लागते. दुसऱ्याला प्रामुख्याने मोटरीची रचना करू शकणारी माणसे लागतात.

येथेच दहावीच्या पुस्तकाचा प्रश्न उपस्थित होतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये, कोरोनानंतर विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्यासाठी, अभ्यासक्रमात कपात केली. दहावीच्या विज्ञानातील विद्युतधारेच्या चुंबकीय परिणामांच्या धड्यातून विद्युत मोटर, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि जनित्र हे तीन भाग वगळण्यात आले. फॅरडे यांच्यावरील चौकटही गेली. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तेवढा शिल्लक राहिला. म्हणजे नियम राहिला आणि ज्या यंत्रासाठी तो शिकायचा ते यंत्र गेले. तुलनेसाठी, बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मोटर आणि जनित्र दोन्ही आहेत.

परिषदेची बाजू अशी की, वगळलेला भाग अन्यत्र उपलब्ध आहे किंवा वरच्या इयत्तेत येतो. ती पूर्णतः चुकीची नाही. प्रवर्तन बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे आणि २०२५ च्या आठवीच्या नव्या पुस्तकात विद्युतधारेच्या चुंबकीय परिणामांवर स्वतंत्र धडा आहे. मात्र बारावीचे भौतिकशास्त्र केवळ विज्ञान शाखा निवडणाऱ्याच्या वाट्याला येते. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणारा, पुढे रिक्षेची मोटर उघडून दुरुस्त करणारा मुलगा त्यात नसतो. चारबागपासून अमीनाबादपर्यंत धावणाऱ्या वाहनांची देखभाल बहुतांशी त्याच्याच हाती असणार आहे.

चुंबक योजनेचा कालावधी सात वर्षांचा असून त्यातील पहिली दोन वर्षे कारखाने उभारण्यासाठी राखलेली आहेत.