वजा झालेली वर्षे

पोळ्याच्या दिवशी आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावांत संध्याकाळी बैलांची मिरवणूक निघते. वेशीवर तोरण बांधलेले असते आणि त्याखालून पहिला बैल कोणाचा जाणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. मानाचा बैल पुढे, बाकीचे मागे. बैलाला त्यातले काही कळत नाही. बैलवाल्याला मात्र सगळे कळते. या मानावरून कुठे भावकीत डोकी फुटतात, कुठे पोलीस बंदोबस्तात पोळा होतो. आपण ती बातमी वाचतो आणि म्हणतो, काय ही अडाणी माणसे! दोन पावले पुढे गेले काय नि मागे गेले काय!

शिकल्यासवरल्या माणसांचा असाच पोळा मी बँकेत उभी हयात पाहिला. त्याला सेवाज्येष्ठता यादी म्हणतात. एरवी ही यादी कपाटात पडून असते. पण दोन संस्था एक झाल्या, म्हणजे दोन गावांचा पोळा एकाच वेशीतून काढायची वेळ आली, की मग खरी गंमत सुरू होते. गंमत हा शब्द मी दुरून पाहणाऱ्यासाठी वापरला. ज्याचा बैल मागे ढकलला जातो त्याच्यासाठी तो शब्द नाही.

आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. तरी आज वैमानिकांची गोष्ट सांगतो, कारण हे दुखणे तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसते. कारकुनाचा क्रमांक खाली गेला तर त्याची बढती लांबते. वैमानिकाचे तेवढ्यावर भागत नाही. कोणते विमान चालवायचे, मुक्काम कोणत्या शहरात, उजव्या खुर्चीतला सहवैमानिक डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून कधी बसणार, दिवाळीची रजा कोणाला, आणि कंपनी अडचणीत आली तर घरी आधी कोणी जायचे, यातले बरेचसे त्या यादीवर ठरते. शिवाय एका कंपनीतून दुसरीत गेला की बहुधा पुन्हा शेपटाला उभे राहावे लागते. म्हणून यादीतला आकडा हीच त्याची आयुष्यभराची ठेव.

२००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक झाल्या. एक परदेशी जाणारी, दुसरी प्रामुख्याने देशात उडणारी. कागदावर एकीकरण झाले. वैमानिकांच्या संघटना मात्र दोनच राहिल्या आणि पगाराचे तक्तेही दोन. २०११ च्या एप्रिलअखेर इंडियन एअरलाइन्सकडचे वैमानिक समान वेतनासाठी दहा दिवस संपावर गेले. त्याच वर्षी सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली. २०१२ च्या जानेवारीत तिचा अहवाल आला. म्हणजे लग्न आधी लागले आणि मानपानाची बैठक पाच वर्षांनी बसली. मेमध्ये एअर इंडियाकडचे वैमानिक संपावर गेले. येऊ घातलेल्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाला का, हा त्यांचा सवाल होता. तो संप ५८ दिवस चालला. नव्या विमानाचे प्रशिक्षण म्हणजे पुढच्या बढतीचा जिना, आणि तो जिना आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरात लावला जातो आहे, असे त्यांना वाटत होते.

यात चूक कोणाची? दोन्ही बाजूंचे ऐकले की दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. एक म्हणतो, आता कंपनी एक, तर संधीही एक हवी. दुसरा म्हणतो, या विमानांची मागणी माझ्या कंपनीने केली होती. तिच्या भरवशावर मी इतकी वर्षे थांबलो.

अमेरिकेतही हेच झाले. २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. पहिल्या कंपनीचे वैमानिक जुने, पण कंपनी डबघाईला आलेली. दुसरीचे तरुण, पण कंपनी त्या मानाने सावरलेली. जुन्यांचे म्हणणे, नोकरीला लागल्याची तारीख लावा. तरुणांचे म्हणणे, विलीनीकरणाच्या दिवशी कोण कोणत्या खुर्चीवर होता ते पाहा. २००७ साली लवादाने मुख्यतः दुसरे तत्त्व धरले आणि सोळा-सतरा वर्षे झालेले काही वैमानिक परवा लागलेल्या मुलांच्या शेजारी येऊन बसले. जुने बहुसंख्य होते. त्यांनी आपली संघटनाच बदलून टाकली. वाद कोर्टात गेला, मध्ये कंपनी आणखी एका मोठ्या कंपनीत गेली, आणि सगळ्यांची मिळून एक यादी लागली ती २०१६ साली. अकरा वर्षे दोन गट एकाच कंपनीच्या गणवेशात एकमेकांकडे पाठ करून उडत राहिले.

मराठवाड्याच्या जुन्या माणसांना हे ऐकून नवल वाटणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले. त्यांच्याबरोबर तहसीलदार, कारकून, मास्तर, अभियंते हेही आले. उर्दूतून दप्तर लिहिणारी माणसे एका दिवसात वेगळ्या नियमांच्या, वेगळ्या पदनामांच्या राज्यात दाखल झाली. तिकडचा तहसीलदार इकडच्या मामलेदाराच्या बरोबरीचा की खालचा? त्यासाठी मुख्य सचिवांच्या बैठकीत चार कसोट्या ठरल्या होत्या: कामाचे स्वरूप, अधिकार आणि जबाबदारी, किमान शिक्षण, आणि पगार. पगार शेवटी ठेवला होता हे ध्यानात घ्यावे. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने आलेल्या माणसांच्या सेवाशर्तींना संरक्षणही दिले होते.

इतकी तयारी असूनही वाद झालेच. हैदराबादेतून आलेल्या तहसीलदारांचे उपजिल्हाधिकारीपदाच्या बढतीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पद साऱ्या राज्याचे, पण निवड मात्र विभागवार याद्यांवरून, ही पद्धत समान संधीला धरून नाही, असा निकाल लागला. साल होते १९७३. म्हणजे सतरा वर्षे! १९५६ साली चाळिशीत असलेला माणूस तोवर निवृत्तही झालेला. निकाल त्याच्या बाजूने लागला तरी त्या खुर्चीत बसायला तो होता कुठे?

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात आमच्या बँकेत एक लहान बँक विलीन झाली. बँकेचे नाव सांगत नाही. सांगून आता कोणाचे भले व्हायचे नाही. लहान बँकेतली वर्षे पुरती धरायची नाहीत, काही कापून धरायची, असा हिशेब आमच्याकडे लागला. आमच्या बाजूचे सगळे खूश होते. मीही होतो.

त्या बँकेची एक शाखा आमच्या शाखेसमोरच होती. तिथले व्यवस्थापक माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. मी नवा अधिकारी असताना क्लिअरिंगचे चेक घेऊन त्यांच्याकडे जाई. ते चहा पाजत आणि दोन गोष्टी शिकवत. मी त्यांना साहेब म्हणत असे. यादी लागली तेव्हा ते माझ्या खाली होते. वर्षभरात ते माझ्याच शाखेत आले आणि पहिल्याच दिवशी हजेरीपटावर सही करून, माझ्या टेबलासमोर उभे राहून मला म्हणाले, "साहेब, बसू का?"

मी घाईने उठलो, त्यांना बसवले. जाताना ते हसत म्हणाले, "एक विचारतो. आपण बँकेतली माणसं. एका खात्याला नावे पडलं तर कुठं तरी जमा होतंच. माझी वर्षं कुणाच्या खाती जमा झाली?"

मला उत्तर ठाऊक होते. पुढच्या बढतीच्या यादीत माझा नंबर लागला तो त्याच वर्षांच्या जोरावर. मी संघटनेच्या बैठकांना जात असे. तिथे हा हिशेब चुकतो आहे असे एकदाही बोललो नाही. बोलून यादी बदलली नसती हे खरे. पण बोललो नाही हेही खरे.

विलीनीकरणे थांबणार नाहीत. आपल्या ओळखीची स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत गेली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात गेली, आणि त्याआधीच तिच्या वैमानिकांत नव्या पगारावरून अस्वस्थता होती, एकत्रित यादीत आपण कुठे असू ही काळजी होती. दोन ताळेबंद एका रात्रीत एक होतात. माणसांची बेरीज तशी होत नाही.

म्हणून मला चार गोष्टी आवश्यक वाटतात. यादीचा नियम विलीनीकरणाच्या आधी ठरावा आणि जाहीर व्हावा. तो ठरवणारा दोन्ही घरांच्या बाहेरचा असावा. आणि काही वर्षे कुंपण असावे: ज्याने जी खुर्ची बरोबर आणली ती त्याच्याकडे राहावी, नव्याने निर्माण होईल तेवढेच दोघांत वाटून घ्यावे. वैमानिकांच्या जगात अशी कुंपणे घातली जातात. आणि निकालाला मुदत हवी. पूर्ण न्याय कोणत्याच यादीत होणार नाही. पण सतरा वर्षांनी मिळालेल्या चांगल्या यादीपेक्षा वर्षभरात मिळालेली बऱ्यापैकी यादी माणसाच्या अधिक कामाची.

ते गृहस्थ माझ्याच हाताखालून निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी अध्यक्ष होतो. शाल मी घातली, भाषणही केले आणि त्यात त्यांची सेवा आमच्या बँकेच्या हिशेबाने सांगितली. टाइप केलेल्या कागदावर तोच आकडा होता. त्यांनी उठून कोणतीही दुरुस्ती केली नाही. ती मी करायला हवी होती. आज करतो. ते छत्तीस वर्षे नोकरीत होते.