गडचिरोलीत प्रशासन ‘पोहोचलेच नव्हते’, हे खरे काय? चांदा ते गडचिरोली : जिल्ह्यांच्या रेषांचा इतिहास

१/ ‘१९८२ पर्यंत गडचिरोलीच्या जंगलात प्रशासन पोहोचलेच नव्हते, जिल्हा झाला आणि शासन दारी आले.’ भाषणांत, स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत आणि वर्धापनदिनाच्या लेखांत हे वाक्य वर्षानुवर्षे फिरत आहे. ते चुकीचे आहे. शिवाय ते निरुपद्रवीही नाही. या प्रदेशाच्या दैन्याचे खापर ते भूगोलावर फोडते आणि ज्यांनी येथे दीडशे वर्षे कारभार केला त्यांची निर्दोष सुटका करते.

२/ आरंभ चांद्याच्या गोंड राज्यापासून करावा लागेल. १७५१ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निवर्तले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा हा इंग्रजी अमलाखालचा जिल्हा बनला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर तो त्या प्रांतात गेला. म्हणजे जिल्हा, जिल्ह्याचा अधिकारी, तुरुंग आणि महसूल ही व्यवस्था येथे १९८२ च्या सव्वाशे वर्षे आधीपासून आहे.

३/ तुरुंगाचा उल्लेख सहज केलेला नाही. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. जंगलातला उठाव मोडून त्याच्या नायकास पकडणारी, खटला चालवणारी आणि शिक्षा अंमलात आणणारी सत्ता ‘पोहोचलेली नव्हती’ असे म्हणणे विनोदी आहे.

४/ आता सिरोंचाकडे वळू. आज राज्याच्या अगदी टोकाचा म्हणून ओळखला जाणारा हा गाव एके काळी स्वतःच जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होता. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला आणि ‘अपर गोदावरी’ जिल्हा उभा राहिला. त्याची कचेरी सिरोंचात होती.

५/ एवढ्या दूरच्या अरण्यात जिल्हा कशासाठी? कारण नदी. नागपूर-वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून नावांनी थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी सर आर्थर कॉटन यांची योजना होती. त्याच तहात गोदावरीवरच्या जकातमुक्त वाहतुकीचेही कलम होते. पुढे खडकाळ पात्राने आणि वाढत्या खर्चाने योजनेचा घात केला. १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले आणि १८७४ मध्ये जिल्हाही मोडून चांद्यास जोडला गेला.

६/ हा क्रम नीट लक्षात घ्यावा. सिरोंचाचा जिल्हा लोकांच्या सोयीसाठी जन्मला नव्हता, म्हणून तो गुंडाळताना लोकांच्या गैरसोयीचा विचार करण्याचे कारणही कोणास वाटले नाही. कापसाचा मार्ग बदलला, प्रशासन उठून गेले आणि माडिया, गोंड व तेलुगू भाषक प्रजा जेथल्या तेथे राहिली.

७/ पुढच्या रेषांचीही तीच तऱ्हा. १९०५ मध्ये ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींतील जमीनदाऱ्या काढून गडचिरोली तहसील करण्यात आली. त्याच दशकात उत्तरेकडचा काही जमीनदारी मुलूख दुर्ग जिल्ह्याकडे गेला, तर दक्षिणेकडचे चेर्ला, आल्बाका आणि नुगूर हे भाग मद्रास इलाख्याकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अख्खा चांदा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. हैदराबाद राज्यातल्या आदिलाबादची राजुरा तहसील आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडली गेली. एकाच आयुष्यात घर न बदलता राज्य आणि जिल्हा बदललेली माणसे येथे होती.

८/ त्या रेषांचे ओरखडे अजून बुजलेले नाहीत. जिवती तालुक्यातील १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील रहिवाशांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रे आहेत. शासन ‘न पोहोचण्याची’ तक्रार तेथे करावी तरी कशी? तेथे ते दोनदा पोहोचले आहे. तरीही जमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न कायमच आहे.

९/ जिल्ह्याच्या आत मग राज्य कोणाचे होते? मोठ्या भागात जमीनदारांचे. त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी. जमीनदाराने सरकारास ‘टाकोळी’ भरावी आणि आपल्या मुलखाचा कारभार पाहावा, हा करार. १९५० च्या कायद्यान्वये १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या. पण जंगल गावाकडे आले नाही. ते वनखात्याकडे गेले. आलापल्लीच्या सागवानाची नोंद, तोड आणि वाहतूक यांचे काटेकोर दफ्तर ठेवणाऱ्या यंत्रणेस या अरण्यातली वाट कधीच दुर्गम वाटली नाही.

१०/ येथे ‘प्रशासन नव्हते’ या वाक्याचा खोटेपणा पूर्ण उघडा पडतो. झाड मोजणारे प्रशासन होते, माणूस मोजणारे नव्हते. लाकडासाठी रस्ता निघाला, रुग्णासाठी निघाला नाही. बल्लारपूरच्या कागद गिरणीस बांबू मिळत राहिला; त्याच बांबूची ताटी विणणाऱ्यास मात्र वनरक्षकाची मर्जी सांभाळावी लागे. उणीव शासनाच्या अस्तित्वात नव्हती, त्याच्या हेतूत होती.

११/ मग २६ ऑगस्ट १९८२ उजाडला. गडचिरोली आणि सिरोंचा या दोन तहसिली वेगळ्या काढून नवा जिल्हा झाला. आज त्यात १२ तालुके आहेत, चंद्रपुरात १५. लाभ झाला हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जिल्हाधिकारी, कोषागार, जिल्हा रुग्णालय, जिल्हा परिषद ही लहान गोष्ट नव्हे. धानोरा, आरमोरी, चामोर्शी यांना तर ती निश्चितच जवळ आली.

१२/ परंतु सिरोंचाला? त्याच्यापासून चंद्रपूर सुमारे २०० किलोमीटर होते. गडचिरोलीही साधारण तितकेच आहे. कागद गिरणी एका जिल्ह्यात राहिली आणि बांबूचे जंगल दुसऱ्यात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड आजही जगापासून तुटते. १४,४१२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या जवळपास चौपट आकाराचा हा जिल्हा एकाच मुख्यालयातून चालतो.

१३/ तुलनेसाठी पॅसिफिक महासागरातील वानुआतू पाहावे. त्या राष्ट्राची एकूण भूमी सुमारे १२,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे गडचिरोलीहून कमी. लोकसंख्या सुमारे ३ लाख. गडचिरोलीची २०११ मध्ये १०,७२,९४२. तेथे १९९४ च्या कायद्याने ११ स्थानिक परिषदा मोडून ६ प्रांत केले. प्रांतांची नावे बेटांच्या आद्याक्षरांतून घडली : तान्ना, आनिवा, फुतुना, एरोमांगो, आनेइत्युम मिळून ‘ताफेआ’. प्रत्येक प्रांताला स्वतःची परिषद आहे. म्हणजे विभागांची संख्या घटवूनही स्थानिक सत्तेचा विचार करता येतो. उलट, विभाग वाढवूनही तो टाळता येतो.

१४/ या विचाराचे भारतीय रूप कायद्यात आहेच. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली गडचिरोलीचा मोठा भाग येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. महाराष्ट्राचे नियम निघाले ते २०१४ मध्ये, तब्बल १८ वर्षांनी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडला, आणि ते देण्यासाठी केंद्रीय मंत्र्यांना गावात यावे लागले.

१५/ मेंढा गावाची जागा बदलली नाही, जिल्हा बदलला नाही, मुख्यालयापासूनचे अंतर बदलले नाही. बदलले ते एवढेच की परवान्यावर सही कोणाची. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. दीडशे वर्षांत ओढलेल्या कोणत्याही रेषेने जे दिले नाही, ते एका सहीच्या अधिकाराने दिले.

१६/ यावर रास्त आक्षेप असा : वनहक्काच्या दाव्यांचा अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती करते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात; मग मुख्यालय जवळ हवेच. आक्षेप मान्य. म्हणूनच अहेरी जिल्ह्याची मागणी खोटी ठरत नाही, चिमूर आणि ब्रह्मपुरीची तर अनेक वर्षांची आहे. सिरोंचाच्या माणसाला एका कागदासाठी दोन दिवस घालवावे लागू नयेत, हे कोणीही मान्य करील.

१७/ पण मागणी करताना इतिहास विसरू नये. नवा जिल्हा घोषित झाला की कोणता निर्णय खाली सरकला, हे विचारावे. खाणीच्या, बांबूच्या, रस्त्याच्या प्रश्नावर ग्रामसभेचे मत बंधनकारक होणार की इतिवृत्तात नोंदवून विसरले जाणार? पदे भरली जाणार की फलक तेवढा लागणार? आणि ज्या कारणासाठी जिल्हा दिला ते कारण संपल्यावर तो टिकणार का?

१८/ शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. सिरोंचाने जिल्हा मिळवून १४ वर्षांत गमावला आहे. ‘प्रशासन पोहोचले नव्हते’ असे यापुढे कोणी म्हटले, तर त्यास १८६० ते १८७४ या वर्षांची आठवण द्यावी, आणि ते प्रशासन कोणासाठी आले होते हेही विचारावे.