गाडीखालचा फिका डाग

आज तुम्हांला एक कोडं सांगणार आहे. पुस्तकातलं नाही बरं का, आमच्या गल्लीतलं!

आमच्या शेजारच्या अण्णांचं एक जुनं पिकअप आहे. जुन्नर तालुक्यातला टोमॅटो भरायचा आणि माळशेज घाट उतरून कल्याणला पोचवायचा, हा त्यांचा धंदा. एका रविवारी त्यांनी गाडी जरा पुढे घेतली, तर खाली फरशीवर ओला डाग!

आजी म्हणाल्या, "गाडी धुतल्याचं पाणी असेल." अण्णांचा राजू म्हणाला, "छे, डिझेल आहे." अण्णा म्हणाले, "बाई, जुनी गाडी म्हटल्यावर इंजिन ऑइल थोडंफार गळायचंच." तीन माणसं, तीन उत्तरं. आणि खाली वाकून नीट पाहिलं होतं कोणी? कोणीच नाही!

फरशीवर तर जुने-नवे वीसेक डाग होते. त्यातला आजचा कोणता, हे कसं कळणार? तक्ते करायला आणलेले चार पांढरे कार्डशीट माझ्याकडे होते. रात्री अण्णांनी ते गाडीखाली सरकवले, वर दगड ठेवले. राजूनं प्रत्येकावर लिहिलं: पुढे डावीकडे, पुढे उजवीकडे, मागे डावीकडे, मागे उजवीकडे.

गाडीच्या पोटात एक नाही, चांगले पाच-सहा प्रकारचे द्रव असतात. इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं दिसतं, वापरून काळं होतं. रेडिएटरमधला कूलंट हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी असतो आणि त्याला गोडसर वास येतो. (गोड असला तरी तो विषारी आहे. गाडीतलं काहीही चाखून पाहायचं नाही!) मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चक्रांत जे ऑइल असतं, ते दाट, आणि वास कुजक्या अंड्यासारखा. डिझेल तर वासावरूनच कळतं. ए. सी. लावलेल्या गाडीखाली जे पाणी ठिबकतं, ते साधं पाणीच. त्याची काळजी नको.

सोमवारी शाळेत जायच्या आधी आम्ही कागद बाहेर काढले. पुढच्या कागदावर तीन काळेकुट्ट ठिपके. "बघा, म्हटलं नव्हतं का मी? इंजिन ऑइल!" अण्णा खूश. ते हात झटकून निघालेसुद्धा. पण राजूनं मागचा डावा कागद उजेडात तिरका धरला. त्यावरही एक डाग होता, फिका पिवळसर, नजरेत न भरणारा.

"ते पुढचंच ओघळून मागे आलं असेल," अण्णा म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं हं! गाडी धावताना वाऱ्यानं ऑइल मागे उडतं, चासीवरून ओघळत जातं आणि भलतीकडेच टपकतं. थेंब पडतो ती जागा आणि गळती असते ती जागा एकच असेल, असं नाही. पण मग काळं ऑइल मागे जाता जाता पिवळं कसं झालं?

अण्णांनी वाकून पाहिलं. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूनं बारीक ओघळ आला होता. त्यांनी काडीवर एक थेंब घेतला. मी जुन्या दोन वाट्यांत पाणी आणलं. एका वाटीत काळा थेंब टाकला, तो वर तरंगला, तवंग पसरला. दुसऱ्या वाटीत फिका थेंब टाकून काडीनं ढवळलं. तवंग नाही, काही नाही, विरघळूनच गेला! म्हणजे ते ऑइल नव्हतं आणि डिझेलही नव्हतं. पाणी म्हणावं, तर बोटाला बुळबुळीत लागत होतं. कूलंट म्हणावं, तर अण्णांच्या गाडीतला हिरवा, आणि तो असतो पुढे.

मग राहिलं काय? अण्णांनी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या डबीवर खालची रेघ असते ना, द्रव तिच्याही खाली गेला होता.

"गेल्याच महिन्यात भरलं होतं की!" अण्णा म्हणाले, आणि मग गप्पच झाले.

आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण खरं तर ते तेल नसतंच, म्हणून तर पाण्यात मिसळतं. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात पास्काल नावाचा शास्त्रज्ञ होऊन गेला. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे त्यानं दाखवलं. पायानं ब्रेक दाबला की तो दाब याच द्रवातून चाकापर्यंत जातो. नळी बंद असते, त्यामुळे हे ऑइल आपोआप संपत नाही. लायनर झिजतात तशी पातळी थोडी उतरते, पण महिन्याभरात इतकी नाही. ते कुठूनतरी गळत असतं. बहुतेक गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, म्हणून एक निकामी झाला तरी दुसरा थोडंफार थांबवतो. पण टोमॅटोनं भरलेली गाडी आणि माळशेजचा उतार! तिथे थोडंफार कसं पुरणार?

तरी अण्णा म्हणालेच, "संध्याकाळचा माल ठरलाय. हळूहळू नेतो." काकूंनी काही न बोलता गाडीची किल्ली उचलली आणि पिठाच्या डब्यात टाकली. माल दुसऱ्याच्या टेंपोतून गेला. त्या खेपेचं भाडं बुडालं, आणि अण्णा दोन दिवस माझ्याशी जरा तुटकच बोलत होते.

मंगळवारी मिस्त्रीनं चाक काढून ड्रम उघडला. चाकाजवळच्या ब्रेक सिलिंडरचं रबरी वॉशर फाटलं होतं आणि लायनर पार भिजले होते. भिजलेला लायनर नीट पकडत नाही. त्यानं दोन्ही बाजूंचे लायनर आणि वॉशर बदलले, नवं ऑइल भरून नळीतली हवा काढली, आणि पुन्हा कागद घातला. कोरा!

तुमच्या घरी गाडी असेल, तर आईबाबांना सांगून रात्री असा पांढरा कागद घालून बघा. मात्र गाडीखाली तुम्ही शिरायचं नाही, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. काय दिसलं, ते मला पत्रानं कळवा.

आणि हो, त्या पुढच्या काळ्या ठिपक्यांचं काय झालं? ते अजून पडताहेत. अण्णा म्हणतात, दिवाळीनंतर बघू!