झाड तुमचं, तार त्यांची... भांडण जिंकायचं कसं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कागदपत्रांवर बोललो. आज त्याच विषयावर माझं एक मत मांडतो, काहींना ते पटणार नाही. वीज कंपनी तुमच्या अंगणातलं झाड छाटायला आली की आरडाओरडा करून काहीही मिळत नाही. मिळतं ते आधी दिलेल्या अर्जाने.

माझ्या बॅचमध्ये एक ताई आहेत. लोणच्याचा घरगुती व्यवसाय, आणि माल म्हणजे अंगणातले दोन आंबे. मे महिन्यात ठेकेदाराची माणसं आली, पावसाळ्याआधीची छाटणी म्हणाली, आणि तारेच्या बाजूचं अर्धं झाड कैऱ्यांसकट खाली! ताई भांडल्या. उत्तर मिळालं, "वरून ऑर्डर आहे, साहेबांशी बोला." साहेबांनी विचारलं, "नुकसान किती?" तिथे ताई अडल्या. आधीचा फोटो नाही, गेल्या वर्षी किती किलो कैरी निघाली त्याची नोंद नाही, अर्जाची पोच नाही. राग शंभर टक्के खरा होता, पण हातात काहीच नव्हतं.

आता दुसरी बाजू पण बघा. मी दुकानदार आहे. वादळात फांदी तारेवर पडली की अख्ख्या गल्लीची लाइट जाते. माझा फ्रीझर, शेजारची पिठाची गिरणी, समोरची डेअरी, सगळं ठप्प. शिवाय ओल्या फांदीतून करंट उतरला तर माणूस जातो. म्हणून "माझं झाड, हात लावायचा नाही" ही भूमिका मला मान्य नाही. छाटणी व्हायलाच हवी.

पण कशी? इथे माझा कंपन्यांवर आक्षेप आहे. एकदाच भरपूर तोडलं की दोन वर्षं यायला नको, हा ठेकेदाराचा हिशोब. तारेपासून सुरक्षित अंतर ठेवण्यापुरती छाटणी वेगळी आणि झाड बोडकं करणं वेगळं.

कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. वीज अधिनियम २००३, कलम ६८. झाड तारेला अडथळा ठरत असेल तर कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा शासनाने नेमलेला अधिकारी ते काढायला किंवा छाटायला लावू शकतो. पण त्याच कलमात पुढे आहे की झाड आधीचं आणि लाइन नंतर आलेली असेल, तर असा आदेश देताना झाडाच्या मालकाला वाजवी भरपाई ठरवून द्यायची आहे. म्हणजे झाड किती जुनं, याचा पुरावा हा पैशाचा पुरावा आहे! शहरात राहत असाल तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदाही आहे. झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मग करायचं काय?

१. फोटो काढा. झाड, तार आणि मधलं अंतर, तिन्ही एका फोटोत दिसू द्या. जुन्या अल्बममध्ये लाइन नसतानाचा फोटो सापडला तर तो सोन्यासारखा जपा.

२. झाडावर धंदा असेल तर वही ठेवा. कोणत्या झाडाचे किती किलो, काय भावाने विकले.

३. अर्ज तुम्हीच आधी द्या. आंब्याची छाटणी फळ उतरल्यावर करतात. तेव्हाच उपविभागीय कार्यालयात लेखी द्या की या फांद्या आता छाटा आणि येण्याआधी कळवा. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

४. छाटायला कोणी येतच नाही आणि फांदीमुळे सारखी लाइट जातेय? मग ती सेवेची तक्रार झाली. आधी १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, नंतर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्यावर विद्युत लोकपाल. ही सोय कलम ४२ ने दिलेली आहे.

५. तारेजवळची फांदी स्वतः तोडू नका, गड्याला चढवू नका. लाइन बंद केल्याशिवाय अजिबात नाही. दोन पोती कैरीपेक्षा जीव मोठा.

आणि वायरमनशी भांडू नका. तो ऑर्डरचा माणूस आहे, निर्णय त्याचा नाही. त्याला पाणी द्या, नाव विचारा, ऑर्डर दाखवायला सांगा आणि कोणत्या फांद्या तोडणार ते आधी ठरवून घ्या.

काही जण म्हणतील, "सर, एका झाडासाठी एवढं कोण करतं?" मी म्हणतो, जो करतो तोच पुढे धंदा टिकवतो. उद्या जागामालक, बँक, सप्लायर, कोणाशीही वाद होईल. तिथेही समोरचा हेच विचारणार, "लेखी काय आहे?"

ताईंनी आता वही सुरू केलीय, आणि उरलेल्या झाडासाठी अर्ज दिलाय, पोच घेऊन.

तुम्ही पण आज दुकानाबाहेर या आणि वर बघा. फांदी तारेला टेकतेय? मग अर्ज आजच लिहा.